कथिलाचा आकडा

सकाळपासून शिवांजलीनं दोन गिऱ्हाइकांना चुकीची भांडी बांधून दिली होती. एकाला तांब्याच्या घागरीऐवजी पितळेची गेली. लिंबागणेशहून आलेल्या एका बाईंच्या रुखवतात तर झाकणंच राहिली आणि त्या अर्ध्या वाटेतून परत आल्या.

बीडच्या सुभाष रोडवर मन्मथप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यात लग्नसराई, म्हणून त्यांची ही थोरली मुलगी हैदराबादहून रजा काढून आली होती. अप्पा काळा चष्मा लावून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि नुसत्या आवाजावरून दुकान चालवायचे.

"पोरी, कावून अशी करायलीस?" ते म्हणाले. "सकाळपासनं मोबाईल काढायलीस, ठेवायलीस. एका जागी बस की जरा."

"काही नाही अप्पा. कामाचं आहे."

मोबाईलवर आलेली मेल कामाचीच होती, आणि एका वाक्याची. आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेच्या अणुभार आयोगाकडून आली होती. ‘कॅलिब्रेशनच्या मिश्रणांसाठी आपण जे कथील वापरलं, त्यातला ऑक्सिजन कसा मोजला, हे कृपया शुक्रवारपर्यंत कळवावं.’

शिवांजली हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मूलद्रव्यांचे अणू त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करून मोजायची. कथिलाचे अणू सगळे सारखे नसतात. हलके, जड मिळून दहा प्रकारचे असतात. कोणता प्रकार किती आहे ते मोजायचं आणि सरासरी काढायची. तीच अणुभार म्हणून पुस्तकात छापतात. शाळेतल्या पोरांना वाटतं हे आकडे दगडावरच्या रेघा आहेत. तसं नसतं. आयोगाची माणसं जगभरातली नवी मोजमापं गोळा करतात, प्रत्येकाची चिरफाड करतात, आणि नवं मोजमाप जुन्यापेक्षा खरोखर भरवशाचं निघालं तरच आकडा बदलतात. कथिलाचा आकडा चाळीस वर्षांत हलला नव्हता.

तो हलवायचा ध्यास विजयसिंह सरांनी घेतला होता. सर माजलगावचे, बागायतदार घराण्यातले. त्यांनी हैदराबादेत हयात घालवली. शिवांजली त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सर निवृत्त होऊन गावी गेले तरी काम सुटलं नाही. ती मोजायची, ते फोनवर शंका काढायचे. शेवटी शोधनिबंध छापून आला. आयोगानं तो तपासायला घेतला, तेव्हा सरांच्या आवाजात तिला पहिल्यांदा थोडा उतावळेपणा जाणवला होता.

आणि आता हा ऑक्सिजन.

अणू मोजणारं यंत्र हलक्या आणि जड अणूंना सारखा न्याय देत नाही. त्याची ही खोड किती आहे, ते कळायला दहांपैकी दोन प्रकारांचं, वेगवेगळं काढलेलं शुद्ध कथील विकत घ्यायचं, काट्यावर तोलून एकत्र करायचं आणि ते मिश्रण यंत्राला दाखवायचं. आपण काय घातलं ते आपल्याला माहीत असतं. यंत्र काय सांगतं त्यावरून त्याची खोड कळते. हेच कॅलिब्रेशन. सगळी इमारत त्या तोलण्यावर उभी. त्यातलं एक कथील गोळीच्या रूपात आलं होतं, दुसरं पावडरीच्या. बाटल्यांबरोबर शुद्धतेचं प्रमाणपत्र होतं. लोह किती, शिसं किती, सगळं लिहिलेलं. ऑक्सिजनचा उल्लेख नव्हता.

पावडरीचा प्रत्येक कण हवेला लागतो. हवेला लागलेल्या कथिलावर ऑक्सिजन बसतो. म्हणजे काट्यावर त्यांनी कथील म्हणून जे तोललं, त्यातलं थोडं कथील नव्हतंच. किती नव्हतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मेल वाचल्यावर तिनं भांड्यांच्या रद्दी कागदावरच हिशेब मांडला होता. शंभरात अर्धा भाग जरी ऑक्सिजन धरला, तरी त्यांनी मिरवलेली अचूकता बरीचशी उडून जात होती. तिनं तो कागद चुरगाळला, थोड्या वेळानं उलगडून पुन्हा मांडला. उत्तर तेच.

दुपारी सरांना फोन लागला.

"अगं, त्यात काय आहे?" सर म्हणाले. "प्रमाणपत्र जोडून दे. शुद्धता त्यात दिलेली आहे."

"सर, त्यात ऑक्सिजन नाही."

"शिवांजली, मी इथं उसाच्या तोडणीत आहे. टोळी निघालीय. फोनवर नको. तू ये ना इकडं. रविवारी तर यायचंच आहे तुला कार्यक्रमाला."

"कसला कार्यक्रम?"

सर जरा ओशाळल्यासारखे हसले. "अमरसिंहनं काहीतरी काढलंय."

रविवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं आईला, गंगासागरबाईंना, दुकानात बसवलं आणि वडवणीमार्गे माजलगावची एसटी पकडली. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. बस एकेका ट्रॉलीमागं रखडायची, आणि तिला वाटायचं उतरून चालत सुटावं. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "उलटी यायलीय का बाई?" तिनं मान हलवली आणि खिडकीची काच सरकवली, पुन्हा लावली.

स्टँडच्या बाहेर फ्लेक्स लागला होता. सरांचा फोटो, त्याहून मोठा अमरसिंहचा. अमरसिंह सरांचा पुतण्या. तालुक्याच्या राजकारणात त्याचं नाव होतं. खाली ठळक अक्षरांत, ‘जगाच्या विज्ञानाचा आकडा बदलणारे माजलगावचे भूषण! भव्य नागरी सत्कार.’ शिवांजली फ्लेक्ससमोर उभी राहिली. एक रिक्षावाला म्हणाला, "सरांकडं जायचंय? बसा. आमचे सर हायेत ते."

धरणाच्या अलीकडं सरांचं घर. ते ओसरीवर मासिक चाळत होते. त्यांच्या पत्नी वनमालाकाकू पाणी घेऊन आल्या आणि तिचा चेहरा पाहून काही न विचारता आत गेल्या.

"फ्लेक्स पाहिला?" सरांनी विचारलं. "मी म्हटलं होतं त्याला, अजून निर्णय व्हायचाय. ऐकतो कुठं."

"सर, आपली एक बाटली पावडरीची होती."

"माहीत आहे मला."

"पावडरीतला ऑक्सिजन आपण मोजला नाही."

"कुणी मोजतं? माझ्या आयुष्यात मी शंभर प्रमाणपत्रं पाहिली असतील. आयोगात बसलेल्यांनीही तीच पाहिलीत."

"त्यांनी आता विचारलंय."

"विचारणारच. प्रश्न काढणं कामच आहे त्यांचं." सरांनी मासिक मिटलं. "हे बघ, विचारलं म्हणजे चूक झाली असं नसतं. तू थकली आहेस. वडिलांचं आजारपण, दुकान. असं होतं. माणसाला आपल्याच कामात भुतं दिसायला लागतात."

तिनं पिशवीतून तो चुरगाळलेला कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. सरांनी चष्मा लावला. त्यांचं बोट ओळीवरून ओळीवर सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. अंगणात काकूंनी वाळत टाकलेल्या गव्हावर चिमण्या उतरल्या होत्या. कुणी त्यांना हाकललं नाही.

"राहिलेली पावडर आहे ना?" सरांनी विचारलं. "ती मोज."

"झाकण किती वेळा उघडलंय तिचं, सर. तेव्हा जेवढा ऑक्सिजन होता तेवढाच आज असेल, असं कसं म्हणू?"

"मग त्या वेळी का नाही बोललीस तू?"

"मला सुचलंच नाही." ती म्हणाली. "तुम्हालाही नाही सुचलं."

सर उठले. अंगणात जाऊन परत आले, पुन्हा गेले. ओसरीच्या खांबाला हात टेकून ते म्हणाले, "मी पंचविशीत होतो, तेव्हा पहिल्यांदा कथील हातात घेतलं. लोक म्हणायचे दहा प्रकारचे अणू आहेत, याच्या नादी लागू नका. आता मी त्र्याहत्तरचा आहे. आयोग पुन्हा कथिलाकडं कधी वळेल, सांगता येतं तुला?"

"नाही."

"मला सांगता येतं. तोवर मी नसेन."

"सर, मी लिहिणार आहे की ऑक्सिजन मोजला नव्हता, म्हणून आमच्या मोजमापातली अनिश्चितता वाढवून धरावी. तुमचं नाव निबंधावर आधी आहे. तुम्हाला न सांगता पाठवायचं नव्हतं, म्हणून आले."

"म्हणजे विचारायला नाही आलीस. सांगायला आलीस."

"हो."

सरांनी चपला घातल्या आणि ते शेताकडं निघून गेले.

काकूंनी तिला जेवायला वाढलं. तिला अर्धी भाकरीच गेली. "आता ते दोन दिवस बोलायचे न्हाईत," काकू म्हणाल्या. "माझ्याशी बी न्हाई. तू मनाला लावून घेऊ नको. आणि तुझं खरं असंल तर तू मागं बी सरू नको. मला त्यातलं कळत न्हाई, पण तुझ्या हिशेबाचा तो कागद ते खिशात घालून गेलेत."

बीडला परतल्यावर दोन दिवस तिला कशातच राम वाटेना. तिनं उत्तर लिहून ठेवलं, पण पाठवलं नाही. लिहिलेलं वाचायची, एक शब्द बदलायची, पुन्हा आधीचा ठेवायची. फोन वाजला की हातातलं भांडं तसंच टाकून धावायची, तर तो गॅसवाल्याचा असायचा. गंगासागरबाई म्हणाल्या, "हिला नजर लागली म्हणावं तर आता नजर लागायचं वय ऱ्हायलं न्हाई."

गुरुवारी संध्याकाळी दुकानात गर्दी ओसरली तेव्हा अप्पांनी तिला समोर बसवलं. "आता सांग. डोळ्याला दिसत न्हाई मला, पण तुझ्या पायांचा आवाज तर येतोय."

तिनं सगळं सांगितलं, त्यांना समजेल असं.

"मंजी तुमचं काम वाया?"

"वाया नाही अप्पा. पण जेवढं नक्की म्हणून सांगितलं, तेवढं नक्की नाही."

"आणि हे सांगितल्यावर तुझ्या सरांचं नाव पुस्तकात यायचं ऱ्हाईल."

"तसं नाव नसतंच पुस्तकात. नुसता आकडा असतो."

अप्पांना त्याचं नवल वाटलं. "एवढा जन्म घालून नाव बी न्हाई?" मग ते म्हणाले, "मुदत कवर हाय?"

"उद्यापर्यंत."

"मग उद्यापर्यंत वाट बघ त्यांची. गुरू हायेत. रागावले असले तरी त्यांच्या शब्दाची वाट बघायला पाहिजे."

"आणि नाहीच बोलले तर?"

"मग पाठव."

शुक्रवारी दुपारी, ऐन गिऱ्हाइकीत, दुकानासमोर जीप थांबली आणि विजयसिंह सर उतरले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. नमस्काराचा आवाज ओळखून अप्पा उठायला लागले, तर सरांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. मग ते पितळेच्या डब्यांच्या चळतीशेजारी स्टुलावर बसले आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "ऑक्सिजन किती धरलास तू?"

"शंभरात अर्धा भाग."

"कमी आहे." त्यांनी खिशातून तिचा कागद काढला. तो आता दोन्ही बाजूंनी भरला होता, कडेनंसुद्धा आकडे होते. "हैदराबादला माझ्या बरोबरचे एक गृहस्थ आहेत. अशा पावडरीवर त्यांनी काम केलंय. त्यांना काल फोन केला. ते म्हणाले, शंभरात एकाहून जास्त सापडला होता. आणि दुसरं. ती बाटली आपण पावसाळ्यात उघडली. तेव्हा तोलायच्या खोलीतला एसी बंद पडला होता, आठवतं? भिंतींना ओल आली होती. मला आठवत नव्हतं. परवा रात्रभर डोळा लागला नाही, पहाटे आठवलं."

शिवांजलीला आठवलं. ती दमट खोली, काट्याच्या पेटीत ठेवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. "म्हणजे दुप्पट धरायला हवं."

"तिप्पट धर."

"सर, तिप्पट धरलं तर आपलं मोजमाप जुन्या आकड्यापेक्षा भरवशाचं राहतच नाही."

"नाही राहत."

"मग आकडा बदलणार नाही."

"नाही बदलणार," सर म्हणाले. "गेले तीन दिवस मी दुसरा काही मार्ग निघतो का तेच बघत होतो. खोटं कशाला बोलू? अगदी परवापर्यंत वाटत होतं, प्रमाणपत्र जोडून मोकळं व्हावं. कुणाला कळलं नसतं." त्यांनी कागद तिच्यापुढं सरकवला. "तुला कळलं होतं. तीच पंचाईत झाली."

गंगासागरबाईंनी चहा आणला. काउंटरवरच्या पाट्या बाजूला सारून दोघांनी उत्तर लिहायला घेतलं. एक जण मधेच कुकरची शिट्टी मागायला आला. दुसऱ्याला कल्हई करणारा कुठं बसतो ते हवं होतं. शिवांजली उठायची, सांगायची, येऊन बसायची. तिनं लिहिलं होतं, ‘ऑक्सिजन मोजणं शक्य झालं नाही.’

"हे काढ," सर म्हणाले. "शक्य होतं. आपण मोजला नाही. तसंच लिही."

तिनं तसंच लिहिलं. शेवटचं वाचन सरांनी मोठ्यानं केलं. ‘मोजला नाही’ या शब्दांपाशी ते थांबले. त्यांनी घोटभर चहा घेतला, तो निवला होता, आणि उरलेलं वाचून संपवलं. "पाठव," ते म्हणाले आणि मोबाईलकडं न बघता रस्त्याकडं बघत बसले.

तिनं पाठवलं. हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही वाटलं नाही. अंगातली तगमग तशीच होती, फक्त तिला आता धावायला जागा उरली नव्हती.

सत्कार रद्द करायला अमरसिंह तयार नव्हता. "काका, पाहुणे यायलेत, मंडप पडलाय," तो म्हणाला होता. "आकडा बदलो न बदलो, माणूस तर आपला हाय." सरांनी नकार द्यायचा प्रयत्न केला, मग म्हणाले, येतो, पण बोलणार माझं मी.

रविवारी शिवांजली मंडपात मागच्या रांगेत बायकांमध्ये बसली. पुढं हार, शाल, फेटा झाला. सर माईकपाशी आले तेव्हा तिनं साडीचा पदर बोटाला इतका आवळला की बोट पांढरं पडलं.

"फ्लेक्सवर लिहिलंय ते खरं नाही," सर म्हणाले. "कथिलाचा आकडा आमच्या कामानं बदलणार नाही. आमच्या मोजण्यात एक जागा राहून गेली होती. आयोगानं ती विचारली. माझी विद्यार्थिनी शिवांजली हिनं ती आधी ओळखली, मी नंतर. आम्ही त्यांना खरं ते कळवलंय. आपण आलात, आभारी आहे." आणि ते जागेवर जाऊन बसले.

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. पुढच्या काही जणांनी वाजवल्या, त्या मधेच थांबल्या. अमरसिंहनं घाईनं माईक घेतला आणि धरणाच्या कालव्यावर बोलायला सुरुवात केली. शेजारची म्हातारी, कडूबाई म्हणून कुणी होती, शिवांजलीला म्हणाली, "मंजी सर नापास झाले का गं?"

"नाही मावशी."

"मग पास?"

"पासही नाही."

म्हातारीनं स्टेजवर फेटा बांधून बसलेल्या सरांकडं बराच वेळ पाहिलं. "पर उभं ऱ्हाऊन सांगितलं की बाबानं," ती म्हणाली आणि पुन्हा कालव्याचं ऐकायला लागली.

दिवाळीच्या थोडं आधी आयोगाची घोषणा आली. शिवांजली तेव्हा हैदराबादला होती. तिनं यादी दोनदा वाचली. झिर्कोनियम, गॅडोलिनियम, ल्युटेशियम, या तिघांचे आकडे बदलले होते. कथील होतं तिथंच होतं. हे ठाऊक असूनही ती प्रयोगशाळेच्या गच्चीवर जाऊन आली, मग सरांना फोन लावला.

"आलं का?" त्यांनी विचारलं. मागं पंपाचा आवाज येत होता.

"आलं. आपलं नाही."

"ते सोड. कुणाचं आलं?"

तिनं सांगितलं. झिर्कोनियम ऐकताच सरांनी पंप बंद करायला सांगितला. "झिर्कोनियमवाल्यांनी मिश्रणं कशी केली? धातू घेतला की ऑक्साइड? तोलण्याआधी काय केलं? तू निबंध वाचलास?"

"अजून नाही, सर."

"मग फोन कशाला केलास? वाच आधी." पण त्यांनी फोन ठेवला नाही. ते बोलतच राहिले. या वेळी पावडर घ्यायचीच नाही, गोळी घ्यायची. ती शुद्ध आर्गॉन वायूत वितळवून बघायची. ऑक्सिजन मोजायचं यंत्र खालच्या मजल्यावरच्या धातुविभागात आहे, ते लोक वेळ देतील का ते विचार. ती ऐकत होती, आणि त्यांच्या वाक्यांत अधेमधे धाप येत होती, तीही ऐकत होती.

"सर, तुम्ही या ना इकडं थोडे दिवस," ती म्हणाली.

"बघू. तोडणी सुरू होतेय आता." मग ते म्हणाले, "वनमालाला विचारतो."

फोन ठेवल्यावर तिला खुर्चीत बसवेना. निबंध छापायला टाकून ती जिना उतरून धातुविभागाकडं निघाली. ऑक्सिजनच्या यंत्राच्या वेळा वाटून देणारे गृहस्थ जेवायला गेले होते. ती त्यांच्या दारासमोर येरझाऱ्या घालत थांबली.